पटावरचं विसावं नाव

लोक आत्मचरित्र लिहितात तेव्हा त्यात तरुणपण आधी येतं आणि गुडघेदुखी नंतर. माझ्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. गुडघे पंचेचाळिसाव्या वर्षी गेले आणि तरुणपण अठ्ठावन्नाव्या वर्षी आलं. त्यामुळे या प्रकरणात मी कठडा धरून जिना चढते आणि वर पोचल्यावर पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसते, याचं वाचकाने फार आश्चर्य मानू नये. माणूस मोठा कधी होतो हे ज्याचं त्याला ठाऊक. मी मोठी झाले ती दिवाळीआधीच्या एका मंगळवारी, विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर, तोंड सडक्या कांद्यांच्या गोणीत असताना. त्याआधीच्या अठ्ठावन्न वर्षांबद्दल मी इतरत्र पुष्कळ सांगितलेलं आहे आणि त्यातलं निम्मं वजा करायला हरकत नाही. या प्रकरणातलं मात्र काही वजा करू नये. हवं तर गोणीचं वजन थोडं कमी धरावं.

आमचं घर आडगावच्या पुढे, हायवेपासून आत, मळ्यात. घरात माझा धाकटा भाऊ बाळू, त्याची बायको लता, त्यांची एकुलती एक मुलगी तेजू, एक पिवळं मांजर आणि मी. मी लग्न करून चांदवडला गेले होते आणि आठ महिन्यांत परत आले. भांडण असं काही झालं नाही. नवरा बोलायचाच नाही आणि मी थांबायचेच नाही, दोघांनाही विश्रांती हवी होती. तेव्हापासून मी माहेरीच. आमच्याकडे दिवस आवाजाने उजाडतो. आधी विहिरीवरची मोटर, मग लताच्या भाकऱ्यांची थापथाप, मग बाळू गाईशी बोलतो ते. बाळू गाईशी इतक्या मोठ्याने बोलतो की हायवेवरचे ट्रकवाले कधीकधी हॉर्न वाजवून उत्तर देतात. न्याहारीला भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि कांद्याची पात. पात नसेल तर कांदा, कांदा नसेल असं आमच्या घरात कधी झालेलं नाही.

या घरात माझं पद एकच होतं, ते म्हणजे नाक. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर कप्प्यांत, भरला की पावसाळाभर त्यातला सडका कांदा हुडकून काढायचा असतो, कारण एक सडला की तो आजूबाजूच्या दहांना घेऊनच जातो. मी चाळीच्या तोंडाशी उभी राहायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, तिसरा कप्पा, खालून हातभर, डावीकडे. तिथे हात घातला की सडका कांदा हाताला लागायचाच. आजूबाजूचे मळेवाले मला मोटारसायकलवर बसवून घेऊन जायचे. एकदा मी ओट्यावर बसले होते आणि हायवेवरून कांद्याचा एक ट्रॅक्टर चालला होता. मी ओरडले, "दादा, मागच्या अंगाला एक गेलाय!" त्याने ट्रॅक्टर थांबवला, वर चढला, आणि निघाला की एक. हायवे आमच्या ओट्यापासून अर्धा किलोमीटर आहे. पूर्वी मी पाव किलोमीटर सांगायचे, पण वय वाढतं तसे रस्तेही लांबतात. मुद्दा असा की माझं नाक असताना आमच्याकडे कांदा कापून बघायची पद्धत नव्हती. आक्काने, म्हणजे मी, चांगला म्हटलेला कांदा कापणं म्हणजे आक्काच्या तोंडावर तिला खोटं म्हणणं.

मग ती साथ आली. आम्ही चौघंही एका आठवड्यात अंथरुणाला खिळलो आणि एकेक करून उठलो. माझा ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो अजून यायचा आहे. मी कुणाला सांगितलं नाही. गवयाचा गळा बसला तर लोक हळहळतात, पण हुंगणारीचं नाक बसलं तर तिला भाजी निवडायला बसवतात. मी उपाय शोधले. कांदा हातात घ्यायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे, छाती फुगवायची आणि एवढा तमाशा चालू असताना अंगठ्याने हळूच त्याची मान दाबायची. कांदा सडायला लागला की बहुतेक वेळा मानेपासून मऊ पडतो. बहुतेक वेळा. लता रोज सकाळी दुधाचं पातेलं माझ्यापुढे धरायची, "आक्का, बघा बरं." मी वाकून हुंगायचे आणि तिची पाठ वळताच दोन थेंब मांजरापुढे टाकायचे. मांजराने चाटलं की आतल्या खोलीत आवाज द्यायचे, "चांगलंय गं!" अशी तीन वर्षं काढली. जेवणात तिखट, मीठ आणि आठवण एवढंच उरलं होतं. लता शेवभाजी वाढायची तेव्हा मी तर्रीचा रंग बघून "वा!" म्हणायचे. माझं "वा!" पहिल्यापेक्षा मोठं झालं होतं. त्यावरून कुणालातरी संशय यायला हवा होता, पण आमच्या घरात मोठ्या आवाजाचा संशय कोण घेणार?

तेजू बारावी झाली तेव्हा नाशिकमध्ये, दिंडोरी रस्त्याच्या बाजूला, एका नव्या विद्यापीठाने नवा अभ्यासक्रम काढला होता. आंतरविद्याशाखीय पदवी. एक मुख्य विषय एका शाखेतला, दुय्यम विषय दुसऱ्या शाखेतला, आणि दोन्हींची सांगड घालणारा एक प्रकल्प. तेजूला मुख्य भौतिकशास्त्र आणि दुय्यम समाजशास्त्र घ्यायचं होतं. लहानपणी तिने घरातला रेडिओ उघडला होता, आणि मग तो दुरुस्त करणाऱ्याला तो चुकतोय कुठे हे सांगितलं होतं. बाळूच्या मते मुलीने बी.कॉम. करावं.

"म्हंजे नेमकं कशाचं शिक्षण हाय ते?" त्याने विचारलं.

"सगळ्याचं थोडं थोडं, पप्पा. आणि ते एकमेकांना जोडायचं."

"मंग ते आक्काला हायच की. तिला कुठं फी पडली?"

कसाबसा तो तयार झाला, तर प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्या अभ्यासक्रमाच्या शिरसाट सरांचा फोन आला. शिरसाट सर म्हणजे अभ्यासक्रमाचे समन्वयक. अंगाने इतके बारीक की वर्गात पंखा लावायच्या आधी मुलं त्यांना विचारून घेत. ते म्हणाले, एकोणीस जण झालेत आणि नियम वीसचा आहे. आज पाचपर्यंत विसावं नाव आलं नाही तर अभ्यासक्रम सुरूच होणार नाही, सगळ्यांना जुन्या शाखांमध्ये पाठवतील. तेजूने फोन ठेवला आणि ओसरीत निवडायला ओतलेल्या कांद्यांजवळ बसून रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, अजून कापले नाहीत." ती हसली नाही. तिने डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. मग म्हणाली, "आत्या, तू बारावी पास आहेस ना?"

मी बारावी पास आहे. चांदवडला मावशीकडे राहून झाले. शेहेचाळीस टक्के, त्यातले पाच शेजारच्या बाकावरचे. गुणपत्रिका माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत सापडली. शालूला कसर लागली होती, गुणपत्रिकेला नव्हती. कसरीलाही त्यात काही हाती लागलं नसावं. आम्ही दोघी स्कूटीवरून तीन वाजता विद्यापीठात पोचलो. तिथे कळलं की बारावीनंतर शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं कारण लिहून द्यावं लागतं. माझा खंड चाळीस वर्षांचा होता. मी रकान्यात लिहिलं, "कांदे."

खिडकीतला कारकून म्हणाला, "मावशी, हे कारण चालत नाही."

मी म्हटलं, "चाळीस वर्षं चाललं."

त्याने शिरसाट सरांकडे बघितलं, सरांनी घड्याळाकडे बघितलं, आणि शिक्का बसला. मुख्य विषय मी मराठी साहित्य घेतला, कारण बोलायला आवडतं. दुय्यम विषयाच्या टेबलांपैकी फक्त रसायनशास्त्राच्या टेबलापुढे खुर्ची होती आणि माझे गुडघे दुखत होते. पुढे लोकांनी मला पुष्कळदा विचारलं की साहित्य आणि रसायन अशी जोडी तुम्हाला कशी सुचली. त्यावर मी वेगवेगळी उत्तरं देते. खरं उत्तर खुर्ची हे आहे. बाळूने अट घातली ती एवढीच, "दिवाळीपोतर. त्याच्यापुढं कांद्याची लावण हाय, तवा कॉलेज नाय नि फॉलेज नाय." दिवाळीच्या आधी विद्यापीठाची समिती येऊन अभ्यासक्रम तपासणार होती. तोवर पटावर वीस नावं टिकायला हवी होती. म्हणून मी दिवाळीपर्यंतची विद्यार्थिनी झाले.

तरुणपणाबद्दल लोक जे सांगतात ते खरं आहे, त्यात भूक फार लागते. साडेआठच्या बसने आम्ही निघायचो आणि अकराच्या सुट्टीत कँटीनची मिसळ खायचो. मटकी, वर लाल तर्री, वर शेव, पापड, बाजूला कांदा-लिंबू. पहिल्या दिवशी मी तर्री चार वेळा मागून घेतली, कारण मला जिभेला जाळ लागल्याशिवाय काही कळत नव्हतं, आणि वर्गात बातमी पसरली की आत्या तिखटाला भीत नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग मला आत्या म्हणायला लागला. तिसऱ्या दिवशी शिरसाट सर हजेरी घेताना "सिंधूताई" म्हणता म्हणता "आत्या" म्हणून गेले आणि तेच पुढे चालू राहिलं. वर्गात विसांपैकी कुणाही दोघांची विषयांची जोडी सारखी नव्हती. संगीत आणि गणित होतं, वनस्पतिशास्त्र आणि इतिहास होता. तास सुरू असताना प्रत्येकाला वाटायचं हे दुसऱ्याला समजतंय. माझ्या नाकाच्या गोष्टी मी त्यांना मधल्या सुट्टीत सांगितल्या. पहिल्या महिन्यात हायवे अर्ध्या किलोमीटरवर होता. गणपतीपर्यंत तो एक किलोमीटरवर गेला.

प्रकल्पासाठी तिघातिघांचे गट पडले, शेवटचा दोघांचाच. आमच्यात तेजू, मी आणि सुरगाण्याचा हिरामण. हिरामणचा मुख्य विषय संख्याशास्त्र, दुय्यम लोकजीवन. तो दर शनिवारी जीपला लटकून घरी जायचा आणि सोमवारी नागलीच्या भाकऱ्या घेऊन यायचा. बोलायचा फार कमी. त्याच्याकडे एक लांबट वही होती आणि सरांनी एकदा "दिसेल ते सगळं नोंदवा" म्हटल्यापासून तो दिसेल ते सगळं नोंदवत होता. सरांना वर्गात तीन वेळा जांभई आली होती, ती तारीखवार त्या वहीत आहे.

तेजूने ठरवलं की सडका कांदा वासावरून ओळखणारं यंत्र करायचं. लताचा पोळ्यांचा स्टीलचा डबा तिने न विचारता घेतला, झाकणाला भोक पाडून वायू ओळखणारं एक बटणाएवढं सेन्सर बसवलं आणि त्याला छोटा पडदा जोडला. डब्यात कांदा ठेवायचा, झाकण लावायचं, दोन मिनिटांनी आकडा यायचा. आकडा चढला तर कांदा गेलेला. लताने डबा मागितला तेव्हा तेजू म्हणाली, "मम्मी, हा आता डबा नाही." त्यावर लताने पोळ्या पातेल्यात ठेवायला सुरुवात केली आणि विषय तिथे संपला.

आता यंत्र बरोबर सांगतं की चूक हे ठरवायला काहीतरी प्रमाण लागतं. सरांनी वर्गात विचारलं, "प्रमाण काय धराल?" तेजूने क्षणाचाही विचार केला नाही. "आत्याचं नाक." सगळा वर्ग माझ्याकडे वळला. सरांचे डोळे पाणावले म्हटलं तरी चालेल. ते म्हणाले, "हेच तर आपल्याला हवंय! पिढीजात ज्ञान आणि नवं तंत्रज्ञान एका टेबलावर." कुणीतरी म्हणालं, कांदे कापूनच बघितले तर? तेजू फणकारली, "आत्याने सांगितल्यावर कापायचं कशाला?" त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर हे प्रकरण दोन पानांत आटोपलं असतं. मी म्हटलं, "एक किलोमीटरवरून ओळखते मी, टेबलावरचा नाही का ओळखणार?"

आम्ही आमच्या चाळीतले तीनशे कांदे घेतले, प्रत्येकाला नंबर चिकटवला. मी डोळे मिटून एकेक नाकाशी धरायचे, "चांगला," "चांगला," "गेला," म्हणायचे, आणि हिरामण लिहायचा. मग तेजू तोच कांदा डब्यात ठेवायची. पहिले चाळीस कांदे मी आणि डबा एकमताने चाललो. मग एकेचाळिसावा आला. मी म्हटलं चांगला, मान अगदी दगडासारखी होती. डबा म्हणाला गेला. तेजूने डबा पुसला, उन्हात वाळवला, पुन्हा ठेवला. डबा पुन्हा म्हणाला गेला. तीनशे झाले तेव्हा साधारण चौथ्या भागात आमचं जमत नव्हतं, आणि प्रत्येक वेळी मी म्हणत होते चांगला आणि डबा म्हणत होता गेला. मला त्याच दिवशी कळलं. कांदा कधीकधी पोटातून सडतो. मान घट्ट, पत्ती चकचकीत आणि आतलं एक पातं काळं. अंगठ्याला ते कळत नाही. नाकाला कळतं. माझ्या नाकाला कळायचं.

पुढचे दोन आठवडे तेजू दुपारी ओसरीत बसून त्या डब्याशी झगडत होती. सेन्सर बदललं, तारा बदलल्या, झाकणाला दुसरं भोक पाडलं. डबा आपलं म्हणणं सोडेना. बाळू जाता येता म्हणायचा, "यंत्राला काय कळतं आक्काच्या नाकाम्होरं? तरी म्हनलं व्हतं बी.कॉम. कर." मी गप्प बसायचे. आयुष्यात मी गप्प बसल्याचे प्रसंग दोनच, त्यातला पहिला लग्नातला. समितीच्या आदल्या संध्याकाळी तेजूने ताट पुढे ओढलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पप्पा, मी समितीपुढे सांगणार आहे की माझं यंत्र चुकलं. पुढच्या सत्रापासून बी.कॉम.ला नाव घालू. मला हे जमत नाही." बाळूला आनंद व्हायला हवा होता. त्याने भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. त्या दिवशी पानात वांग्याचं भरीत होतं असं मला रंगावरून वाटलं.

मंगळवारी समिती आली. तीन माणसं. अध्यक्षबाई उंच, पांढऱ्या साडीत, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांच्या हातात पट होता आणि त्यांनी पहिलं काम केलं ते डोकी मोजायचं. वीस. शिरसाट सरांनी श्वास सोडला. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या वर्गात प्रत्येक गटाने आपापलं सांगितलं आणि बाईंचा चेहरा हलला नाही. आमची पाळी आली तेव्हा कोपऱ्यातल्या गोणीत आम्ही नोंदी झालेले सडके कांदे बांधून ठेवले होते. हिरामणने टेबलावर ते वादातले कांदे मांडले. तेजू उभी राहिली. तिने यंत्र दाखवलं, माझं नाक दाखवलं, तक्ता दाखवला, आणि म्हणाली, "प्रमाण पक्कं आहे. त्याच्याशी यंत्र जुळत नाही. म्हणून यंत्र सदोष आहे. दोष माझा आहे."

बाई शिरसाट सरांना म्हणाल्या, "म्हणजे एका सत्रात या अभ्यासक्रमातून हेच निघालं?"

तेजूने मान खाली घातली. मी कठडा नसताना उभी राहिले.

"मॅडम, यंत्र बरोबर आहे. मला वास येत नाही. तीन वर्षांपासून अजिबात येत नाही. ते सगळं मी अंगठ्याने सांगितलंय."

सगळा वर्ग एकमेकांकडे बघायला लागला आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली. तेजू माझा पदर ओढून कुजबुजली, "आत्या, बस ना. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस." सर कळवळून बाईंना म्हणाले, "त्या फार प्रेमळ आहेत, मॅडम." बाई मला म्हणाल्या, "तुमच्या भाचीबद्दलच्या भावना समजतात." आयुष्यात पहिल्यांदा मी चार माणसांपुढे एक सरळ, न वाढवलेलं वाक्य बोलले होते आणि एकाचाही त्यावर विश्वास बसत नव्हता. किलोमीटरभरावरचा ट्रॅक्टर त्यांनी सहज गिळला होता.

मग मी कोपऱ्यात गेले आणि गोणीचं तोंड सोडलं. वर्गाचं काय झालं ते मला नाकाने नाही, कानाने कळलं. आधी खुर्च्या सरकल्या, मग खिडक्या उघडल्या, मग जिन्यावर पळापळ. संगीत आणि गणितवाला मुलगा म्हणे उलटी करायला गेला. मी गुडघे टेकले, गोणीत खांद्यापर्यंत डोकं घातलं आणि मोठ्याने आकडे मोजायला लागले. पन्नासला बाहेर येणार होते, पण कुणी थांब म्हणेना म्हणून शंभरापर्यंत गेले. बाहेर आले तेव्हा माझ्या गालाला काहीतरी काळं चिकटलं होतं आणि वर्गात फक्त तीन माणसं उरली होती. नाकाला पदर लावून अध्यक्षबाई, दारात हिरामण आणि माझ्यासमोर तेजू. तेजूने नाक धरलेलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वासाने की कशाने, हे सांगायचं माझ्याकडे साधन नव्हतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तापापासून."

"आणि रोजचं दूध?"

"मांजर."

बाई पदराआडून म्हणाल्या, "सुरी आणा."

कँटीनमधून सुरी आली. तेजूने एकेचाळीस नंबरचा कांदा मधोमध कापला. आतलं तिसरं पातं काळं होतं. तिने पुढचा कापला. पुढचा कापला. कापत गेली. सगळ्यांत नव्हतं, पण बहुतेकांत होतं. डबा जिथे चुकला ते कांदे तिने वेगळे ठेवले आणि तेही मोजले. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या शब्दावरचा कांदा कापत होतं आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी तोंड पुसायचं विसरले.

तेवढ्यात हिरामणने वही पुढे केली. "मॅडम, अंगठ्याचं लिहिलेलं हाय." त्याच्या शेऱ्याच्या रकान्यात तीनशेच्या तीनशे ओळींत होतं : आत्या डोळे मिटतात. छाती फुगवतात. अंगठा मानेवर.

मी म्हटलं, "मेल्या, तुला माहीत होतं?"

"मला दिसत होतं. त्याचा अर्थ नाय लावला," तो म्हणाला. "अर्थ पुढच्या सत्रात हाय, सर म्हणले होते."

म्हणजे आमच्या हातात एकाच्या जागी दोन प्रमाणं होती. अंगठ्याला मानेची सड कळते, डब्याला पोटातलीही. बाईंनी ती वही उभ्या उभ्या पूर्ण वाचली, सरांच्या जांभयांसकट. मग खुर्ची ओढून बसल्या आणि निकाल लिहायला घेतला. तेजूला आणि हिरामणला प्रथम श्रेणी. माझ्यापुढे त्यांचं पेन थांबलं. "या विद्यार्थिनीने जाणूनबुजून चुकीची नोंद दिली. प्रकल्पात शून्य. पुढच्या सत्रात पुन्हा करावा लागेल."

जिन्यावरून परत आलेल्या शिरसाट सरांनी घाबरत विचारलं, "मॅडम, त्या तर दिवाळीनंतर नाव काढून घेणार होत्या..."

"राहिलेला विषय सुटेपर्यंत नाव पटावरून निघत नाही," बाई म्हणाल्या. "नियम आहे." त्यांनी पुन्हा डोकी मोजली. जिन्यावरची धरून वीस भरली. त्यांचा चेहरा तेव्हाही हलला नाही, पण चष्मा मात्र थोडा वर सरकला.

घरी बाळू गाईपाशी होता. मी सांगितलं, नापास झाले, म्हणून आता नाव काढता येत नाही.

"कवापोतर?"

"पास होईपर्यंत."

त्याने गाईपुढे वैरण टाकली. "मंग लावणीला बाया बघाव्या लागतील. तुझं काय लौकर व्हत नाय." मग तो तेजूकडे वळला आणि तिला विचारलं, तो डबा एका वेळी एकच कांदा बघतो की पाटी ठेवली तरी चालतं. बी.कॉम.चा विषय त्याने त्यानंतर काढलेला नाही.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. तो राहिलेला प्रकल्प मी पुढच्याच सत्रात सोडवला. अभ्यासक्रमाला आता मुलं पुष्कळ येतात आणि वीस भरायला माझी गरज उरलेली नाही. तरी मी जाते. मिसळीचं तेजू मला शब्दांत सांगते. आज मटकीला मोड जरा जास्त आलेत, आज तर्रीत खोबरं करपलंय. कधी ती वाढवून सांगते असा मला संशय आहे. ते कुणाकडून शिकली हे विचारायची सोय नाही.

त्या मंगळवारनंतरची सकाळ राहिली. मोटर सुरू झाली होती, बाळूचं गाईशी चाललं होतं. मी ओट्यावर बसले होते. लता आली आणि तिने दुधाचं पातेलं माझ्यापुढे धरलं. "आक्का, बघा बरं."

मी म्हटलं, "लता, तेजूने काल तुला सांगितलं नाही का?"

"सांगितलं."

"मग?"

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्या तापानंतर हिंगाची डबी तुमच्या उशाशी सांडली होती. अख्खं घर शिंकत होतं आणि तुम्ही त्यात बसून टीव्ही बघत होतात. तेव्हापासून दूध मी आधी हुंगते आणि मगच तुमच्याकडे आणते."

मी मांजराकडे बघितलं. "म्हणजे हे..."

"ते नासकंही पितं, आक्का."

तीन वर्षं. हजारभर सकाळी. मी म्हटलं, "मग आणतेस कशाला रोज?"

लता माझ्याकडे बघतच राहिली, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "तुम्ही बघितल्याशिवाय तापवायला कसं ठेवणार?"

पातेलं तिने तसंच धरून ठेवलं होतं. मी डोळे मिटले, छाती फुगवली आणि वाकून चांगलं दोन वेळा हुंगलं.

"चांगलंय," मी म्हटलं. ती दूध घेऊन आत गेली.